शांत झालेले मूल : अनुबंधाचे मानसशास्त्र आणि रुग्णालयातील बालक

रुग्णालयाच्या बालविभागात काम करणाऱ्या प्रत्येकाला एक दृश्य परिचयाचे असते. दीड-दोन वर्षांचे मूल दाखल होते. आई नजरेआड झाली की ते आकांत करते, परिचारिकेने उचलले तर अंग ताठ करते, दाराकडे बोट दाखविते. दोन-तीन दिवसांनी हे रडणे थांबते. मूल खाटेवर मुकाट बसून राहते, भरविलेले खाते, सुईलाही फारसा विरोध करीत नाही. 'रुळले आता' असे म्हणून सारेजण सुटकेचा निःश्वास टाकतात.

हे मूल खरोखरच रुळलेले असते काय? विसाव्या शतकाच्या मध्यास काही मोजक्या संशोधकांनी हा साधा प्रश्न गांभीर्याने विचारला आणि त्याचे उत्तर शोधताना मानसशास्त्रातील एक महत्त्वाचा सिद्धांत आकारास आला. 'अटॅचमेंट थिअरी' या नावाने तो ओळखला जातो. आपण त्याला 'अनुबंध सिद्धांत' म्हणू. तान्हे मूल आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती यांच्यात पहिल्या दोन-तीन वर्षांत जे घट्ट भावनिक नाते जुळते, ते म्हणजे अनुबंध. या सिद्धांताचा बराचसा भाग प्रयोगशाळेत नव्हे, तर रुग्णालयातील खाटांजवळ बसून घडला. म्हणूनच रुग्णालयाच्या अहवालात त्याची ओळख करून देणे उचित ठरेल. खाटेशेजारी आईला जागा असावी की नसावी, या प्रश्नाचा संबंध सोयीशी आहे तितकाच उपचाराशीही आहे, हे त्यातून स्पष्ट व्हावे.

भेटीची वेळ : रविवारी दोन ते चार

१९४० च्या दशकातील लंडनमधील नामवंत रुग्णालयांचे भेटीचे नियम आज वाचले तर विश्वास बसत नाही. गाय्ज रुग्णालयात आईवडिलांना मुलाला भेटण्याची मुभा होती ती रविवारी दुपारी दोन ते चार या वेळेत. सेंट थॉमस रुग्णालयात पहिला महिनाभर भेट नाही. मात्र संध्याकाळी सात ते आठ या वेळात झोपलेल्या मुलाला पाहता येई. वेस्ट लंडन रुग्णालयात भेटीला परवानगीच नव्हती. क्षय, हाडांचे विकार अशा आजारांत मुले महिनोन्‌महिने रुग्णालयात राहत, हे लक्षात घेतले म्हणजे या नियमांचा अर्थ कळतो.

हे नियम करणारी माणसे निर्दय नव्हती. प्रतिजैविके येण्यापूर्वी बालविभागात संसर्ग शिरला की मुले दगावत. बाहेरून येणारा प्रत्येक माणूस म्हणजे धोका, ही समजूत निराधार नव्हती. दुसरे कारण मात्र निरीक्षणाच्या चुकीतून आले होते. आई भेटून गेली की मूल पुन्हा रडू लागते, दोन दिवस अस्वस्थ राहते. म्हणजे भेटीमुळेच मुलाला त्रास होतो, असा निष्कर्ष काढला गेला. न रडणारे मूल ते समाधानी मूल, हे त्या काळचे गृहीतक होते.

याला अपवादही होते. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे सर जेम्स स्पेन्स या बालरोगतज्ज्ञांनी १९२० च्या दशकापासूनच तान्ह्या मुलांसोबत मातांना रुग्णालयात राहण्याची व्यवस्था केली होती. तथापि असे प्रयत्न विखुरलेले राहिले, कारण आईच्या सहवासाचे महत्त्व पटवून देणारे शास्त्र अद्याप तयार झालेले नव्हते.

अन्न, औषध, स्वच्छता, तरीही

या शास्त्राची पायाभरणी करणाऱ्यांपैकी एक म्हणजे रेने स्पिट्झ. व्हिएन्नात जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या या मनोविश्लेषकाने १९४५ साली दोन संस्थांमधील बालकांची तुलना प्रसिद्ध केली. एक होते अनाथाश्रमासारखे बालकगृह. तेथे अन्न, वैद्यकीय तपासणी, स्वच्छता यांत उणीव नव्हती. परंतु एका परिचारिकेकडे आठ किंवा त्याहून अधिक बालके असत आणि संसर्ग टाळण्यासाठी बालकांना पाळण्यात एकमेकांपासून वेगळे ठेवले जाई. दुसरी संस्था होती महिला तुरुंगाला जोडलेले पाळणाघर. तेथे कैदी माता स्वतःच आपल्या बाळांना सांभाळीत.

वरवर पाहता पहिली संस्था अधिक आरोग्यदायी वाटावी. प्रत्यक्षात तुरुंगातील बाळे वाढत होती, खेळत होती, आणि बालकगृहातील बाळांचे वजन, वाढ व प्रतिकारशक्ती घसरत होती. पुढील दोन वर्षांच्या पाहणीत बालकगृहातील ९१ बालकांपैकी ३४ बालके दगावल्याची नोंद स्पिट्झ यांनी केली. तुरुंगातील पाळणाघरात पाहणीच्या काळात एकही मूल दगावले नाही. स्पिट्झ यांच्या संशोधनपद्धतीवर पुढे बरीच टीका झाली. दोन्ही ठिकाणच्या मुलांची पार्श्वभूमी सारखी नव्हती, आणि साथीच्या आजाराचाही मृत्यूंमध्ये वाटा होता. परंतु पोट भरणे आणि जंतूंपासून दूर ठेवणे एवढ्याने मूल वाढत नाही, ही जाणीव या कामाने वैद्यकविश्वाला प्रथमच तीव्रतेने करून दिली.

बोल्बी यांचा प्रश्न

अनुबंध सिद्धांताचे जनक मानले जाणारे जॉन बोल्बी (१९०७–१९९०) हे इंग्लंडमधील एका नामांकित शल्यविशारदाचे पुत्र. त्या काळच्या उच्चभ्रू रीतीप्रमाणे त्यांचे संगोपन मुख्यतः दाईकडे होते. ज्या तरुण दाईवर त्यांचा जीव होता, ती ते सुमारे चार वर्षांचे असताना घर सोडून गेली. ही ताटातूट आपण विसरलो नाही, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करताना त्यांनी १९४४ साली चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी १४ मुले कोणाविषयीच माया नसलेली, शिक्षा आणि कौतुक या दोहोंबाबत सारखीच निर्विकार अशी होती. या १४ पैकी १२ मुलांची लहानपणी आईपासून दीर्घकाळ ताटातूट झालेली होती. उरलेल्या ३० मुलांत ही संख्या केवळ ५ होती. ताटातुटीची कारणे अनेक होती, आणि त्यांत रुग्णालयातील दीर्घ मुक्कामाचाही समावेश होता.

दुसऱ्या महायुद्धाने युरोपात असंख्य मुले बेघर आणि अनाथ केली. त्यांच्या मानसिक आरोग्याविषयी अहवाल लिहिण्याचे काम जागतिक आरोग्य संघटनेने बोल्बी यांच्याकडे सोपविले. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या या अहवालाचा गाभा असा की, आईशी किंवा आईच्या जागी कायम असणाऱ्या व्यक्तीशी जिव्हाळ्याचे, अखंड आणि उभयतांना आनंद देणारे नाते ही बालकाच्या मानसिक आरोग्याची मूलभूत गरज आहे. हा निष्कर्ष अनेकांना पटला. पण हे असे का घडते, याचे उत्तर अहवालात नव्हते. ते शोधण्यात बोल्बी यांचे पुढील आयुष्य गेले.

एका मुलीचे आठ दिवस

१९४८ साली बोल्बी यांच्या सोबत जेम्स रॉबर्टसन हे सामाजिक कार्यकर्ते रुजू झाले. ॲना फ्रॉइड यांच्या युद्धकालीन बालगृहात त्यांनी काम केले होते. तेथे पद कोणतेही असो, प्रत्येक कर्मचाऱ्याने मुलांविषयीची निरीक्षणे टिपून ठेवावीत असा दंडक होता. तीच सवय घेऊन रॉबर्टसन लंडनच्या रुग्णालयांतील बालविभागांत तासन्‌तास बसू लागले.

त्यांना तीन टप्पे दिसले. पहिला विरोधाचा : मूल रडते, आईला हाका मारते, प्रत्येक पावलाच्या आवाजाकडे आशेने पाहते. दुसरा निराशेचा : रडणे मंदावते, मूल अंग आकसून पडून राहते, खेळत नाही. याच टप्प्याला 'रुळणे' समजले जाई. तिसरा अलिप्ततेचा : मूल पुन्हा हसू-खेळू लागते, परिचारिकांकडून खाऊ घेते, परंतु आई भेटीला आली तर तिच्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावे तसे पाहते. आईने आणलेल्या खेळण्यात त्याला रस असतो, आईत नसतो. मुलाने आशा सोडून मनाचे दार लावून घेतल्याची ही खूण होय.

रॉबर्टसन यांचे म्हणणे डॉक्टरांना पटेना. तेव्हा त्यांनी ते चित्रफितीतून दाखविण्याचे ठरविले. लॉरा ही दोन वर्षे पाच महिन्यांची मुलगी बेंबीच्या हर्नियाच्या लहानशा शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहणार होती. सोयीचे तेवढेच प्रसंग टिपले, असा आरोप होऊ नये म्हणून रोज ठरावीक वेळी चित्रीकरण केले गेले. भिंतीवरचे घड्याळही चित्रात दिसत राहील याची काळजी घेतली गेली. लॉरा आकांत करणारी मुलगी नव्हती. ती बहुतेक वेळ स्वतःला सावरून असे, मधूनच शांतपणे आईची चौकशी करी, चेहरा ताणलेला असे. आठ दिवसांनी घरी निघताना तिने आईचा हात धरण्यास नकार दिला.

'दोन वर्षांची मुलगी रुग्णालयात जाते' अशा अर्थाच्या शीर्षकाची ही मूकफीत १९५२ साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये दाखविली गेली. सभागृहात संताप उसळला. ही मुलगी अपवादात्मक आहे, हा आमच्या रुग्णालयांवरचा आरोप आहे, असे डॉक्टर व परिचारिका म्हणू लागल्या. त्यांपैकीच एक होते डर्मॉड मॅकार्थी हे बालरोगतज्ज्ञ. प्रथम तेही रागावले होते. परंतु आपल्या विभागात परतल्यावर तेच दृश्य त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसू लागले. त्यांनी ॲमरशॅम येथील आपल्या विभागात मातांना मुलांसोबत राहू देण्यास प्रारंभ केला. १९५८ साली रॉबर्टसन यांनी तेथेच दुसरी फीत तयार केली. तीत आई सोबत असलेली लहान मुलगी तीच भीती अनुभवते, रडते, आणि आईच्या कुशीत सावरतेही.

१९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीने शिफारस केली की, मुलांना भेटण्यावर वेळेचे बंधन नसावे आणि पाच वर्षांखालील मुलासोबत आईला राहता यावे. कागदावरील शिफारस प्रत्येक रुग्णालयात उतरण्यास मात्र अनेक वर्षे लागली. त्यासाठी १९६१ साली लंडनच्या बॅटरसी भागातील काही मातांनी एकत्र येऊन संघटना उभारली आणि रुग्णालयांमागे तगादा लावला.

भूक की ऊब?

आई दूध देते म्हणून मूल तिला चिकटते, ही तोपर्यंतची प्रचलित समजूत होती. मनोविश्लेषक आणि वर्तनवादी या एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या दोन्ही पंथांचे यावर एकमत होते. बोल्बी यांना ते पटेना. कॉनराड लॉरेंझ यांनी १९३५ साली दाखवून दिले होते की, हंसाची पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यावर प्रथम दिसणाऱ्या हलत्या प्राण्यामागे जातात. त्याने त्यांना भरविलेले असो वा नसो.

१९५८ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिल्लांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. पिल्लांना दोन कृत्रिम 'आया' दिल्या होत्या : एक उघड्या तारेची, दुसरी मऊ कापडाने मढविलेली. दूध तारेच्या आईकडे असले तरी पिल्ले पोट भरण्यापुरती तिच्याकडे जात आणि दिवसाचा बहुतांश काळ कापडी आईला बिलगून असत. भीती वाटली की त्यांची धाव कापडाकडेच असे. या प्रयोगांत पिल्लांना सोसाव्या लागलेल्या यातनांमुळे पुढे त्यांवर नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि ते रास्तच आहेत. परंतु माया ही भुकेची उपज नाही, एवढे त्यांतून निर्विवाद ठरले.

बोल्बी यांनी मग उत्क्रांतीच्या दृष्टीने मांडणी केली. मानवाचे मूल दीर्घकाळ असहाय असते. जे मूल धोक्याच्या वेळी मोठ्या माणसाजवळ राहील, तेच जगेल. म्हणून रडणे, बिलगणे, मागे येणे, हसून लक्ष वेधणे ही वर्तने निसर्गाने बालकात पेरलेली आहेत. आजारपण, वेदना, अनोळखी जागा आणि अनोळखी माणसे या गोष्टी ती वर्तने सर्वाधिक जागृत करतात. रुग्णालयात या चारही एकाच वेळी हजर असतात! ज्या क्षणी मुलाला आपल्या माणसाची सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्याच क्षणी जुने नियम त्या माणसाला दाराबाहेर उभे करीत होते.

युगांडा ते बाल्टिमोर

सिद्धांताला प्रत्यक्ष पुराव्याची जोड दिली ती मेरी एन्सवर्थ (१९१३–१९९९) यांनी. १९५४ साली त्या युगांडात गेल्या आणि कंपालाजवळच्या खेड्यांतील २६ कुटुंबांत जाऊन त्यांनी माता व बालके यांचे निरीक्षण केले. मूल आईपासून रांगत दूर जाते, नवी वस्तू पाहते, वळून आई आहे ना याची खात्री करते आणि पुन्हा पुढे जाते, हे त्यांनी तेथे टिपले. आई ही मुलासाठी जग शोधण्याचा 'सुरक्षित तळ' असते, ही त्यांची कल्पना. अनुबंध मुलाला परावलंबी करीत नाही, उलट त्याला धीट करतो, हा त्यातील महत्त्वाचा मुद्दा होय.

पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे त्यांनी आणखी २६ कुटुंबांचा वर्षभर अभ्यास केला. प्रत्येक घरी सुमारे ७२ तास निरीक्षण झाले. बाळ वर्षाचे झाल्यावर एक छोटी चाचणी घेतली जाई. खेळणी असलेल्या अनोळखी खोलीत आई व बाळ येतात. एक अपरिचित स्त्री येते. आई काही मिनिटे बाहेर जाते आणि परत येते. साऱ्या चाचणीस सुमारे वीस मिनिटे लागतात. बाळ आई गेल्यावर किती रडते, यापेक्षा ती परतल्यावर काय करते हे अधिक बोलके ठरले.

बहुसंख्य बाळे आईकडे झेपावली, शांत झाली आणि पुन्हा खेळू लागली. हा सुरक्षित अनुबंध. काही बाळे आईला बिलगली, पण रागाने तिला ढकलतही राहिली आणि लवकर शांत झाली नाहीत. काही बाळे मात्र आई गेली तरी रडली नाहीत आणि ती आली तरी तिच्याकडे फिरकली नाहीत. खेळण्यांतच मग्न असल्यासारखी दिसली. ही बाळे स्वावलंबी वाटावीत. परंतु १९७७ साली अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले तेव्हा तेही आतून तितकेच अस्वस्थ असल्याचे आढळले. रडून उपयोग होत नाही हा धडा मिळाल्याने ती रडत नव्हती, एवढेच. पुढे १९८६ साली मेरी मेन व ज्युडिथ सॉलोमन यांनी विस्कळीत अनुबंधाचा चौथा प्रकारही मांडला.

घरांतील निरीक्षणे या प्रकारांशी ताडून पाहिली तेव्हा एन्सवर्थ यांना निर्णायक वाटली ती आईची संवेदनशीलता : बाळाचा संकेत ओळखणे, त्याचा अर्थ नीट लावणे आणि वेळेवर प्रतिसाद देणे. पहिल्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याला तत्परतेने प्रतिसाद मिळाला, ती बाळे वर्षअखेरीस कमी रडत होती. उचलून घेतल्याने मूल लाडावते, या समजुतीला हा मोठाच धक्का होता.

आई एकटीच का?

या सिद्धांताचा एक दुष्परिणामही झाला. मुलाच्या प्रत्येक अडचणीचे खापर आईवर फोडण्याची सवय समाजाला लागली. म्हणूनच त्यातील दुरुस्त्याही सांगितल्या पाहिजेत.

ग्लासगो येथे शॅफर आणि इमर्सन यांनी ६० बालकांचा अभ्यास करून १९६४ साली दाखवून दिले की, दीड वर्षाच्या सुमारास केवळ एकाच व्यक्तीशी अनुबंध असलेली मुले अगदी थोडी, सुमारे १३ टक्के होती. इतरांचे वडील, आजी-आजोबा, भावंडे यांच्याशीही अनुबंध जुळलेले होते. १९७२ साली मायकेल रटर यांनी बोल्बींच्या मांडणीची साक्षेपी फेरतपासणी केली. नाते जुळल्यावर होणारी ताटातूट आणि मुळात नातेच न जुळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी अधिक घातक आहे, हे त्यांनी स्पष्ट केले. रुग्णालयाच्या दृष्टीने त्यांचे आणखी एक निरीक्षण मोलाचे आहे : आठवडाभराच्या किंवा त्याहून लहान अशा एकाच मुक्कामाचा पुढील मानसिक अडचणींशी संबंध आढळला नाही, वारंवार दाखल व्हावे लागलेल्या मुलांत मात्र तो आढळला. एकदा मूल दाखल झाले, आपण चार दिवस त्याच्याजवळ राहू शकलो नाही, म्हणून कोणत्याही मातेने स्वतःला आयुष्यभर दोष देण्याचे कारण नाही.

निरनिराळ्या संस्कृतींचा प्रश्नही उपस्थित झाला. १९८८ साली आठ देशांतील जवळपास दोन हजार बालकांच्या निष्कर्षांचे एकत्रित विश्लेषण झाले. सुरक्षित अनुबंध हा सर्वत्र सर्वाधिक आढळणारा प्रकार ठरला, आणि देशादेशांतील फरकापेक्षा एकाच देशातील फरक अधिक निघाला. भारतासंबंधी सुझान सिमोर या मानवशास्त्रज्ञांनी भुवनेश्वरमधील कुटुंबांचा अनेक वर्षे अभ्यास केला. एकत्र कुटुंबात मूल एका आईचे नसते. आजी, काकू, आत्या, मोठी बहीण अशा अनेक हातांवर ते वाढते. आपल्या वाचकांना हे नव्याने सांगण्याची गरज नाही. मात्र 'अनेक' याचा अर्थ 'कोणीही' असा नव्हे. हात पाच असले तरी ते नेहमीचे, ओळखीचे असावे लागतात. रोज बदलणारी माणसे, मग ती कितीही प्रेमळ असोत, अनुबंधाची जागा घेऊ शकत नाहीत.

नातेच जुळले नाही तर काय होते, याचे दारुण उदाहरण रुमानियात १९८९ च्या सत्तांतरानंतर जगासमोर आले. तेथील संस्थांमध्ये हजारो मुले स्पर्शावाचून वाढत होती. २००० साली बुखारेस्टमध्ये सुरू झालेल्या अभ्यासात संस्थांतील १३६ बालकांपैकी निम्म्यांना चिठ्ठी पद्धतीने निवडून प्रशिक्षित पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले. कुटुंबात गेलेल्या मुलांत लक्षणीय सुधारणा दिसली, आणि सुमारे दोन वर्षे वयाच्या आत गेलेल्यांना अनुबंध जुळविण्यात अधिक यश आले. मूल सावरते; परंतु वेळेला मोल असते.

छातीशी धरलेले बाळ

या ज्ञानाचा आजचा सर्वांत ठळक उपयोग नवजात शिशूंच्या विभागात दिसतो. १९७८ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा येथे एदगार रेय या डॉक्टरांपुढे पेच होता : कमी वजनाची बाळे अनेक, उबदार पेट्या थोड्या, संसर्ग भरपूर. त्यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर त्वचेला त्वचा लावून बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. हीच कांगारू पद्धत. चणचणीतून आलेली ही युक्ती पुढे उत्तम उपचार ठरली.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात दोन किलोंहून कमी वजनाच्या २०६ बाळांवर झालेली चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. कांगारू पद्धतीतील बाळांचे वजन रोज सरासरी सुमारे २४ ग्रॅमने, तर नेहमीच्या पद्धतीतील बाळांचे सुमारे १६ ग्रॅमने वाढले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत मोठी चाचणी घेतली. भारतातील केंद्र नवी दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच कांगारू पद्धत सुरू केली असता पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आल्याचे २०२१ साली जाहीर झाले. यासाठी नवजात अतिदक्षता विभागातच आईला खाट द्यावी लागली. ज्या दारावर 'प्रवेश बंद' अशी पाटी होती, त्याच दारातून आई आत आली आणि बाळे अधिक जगली.

आपल्याकडे सर्वसाधारण बालविभागात आई किंवा आजी मुलाच्या खाटेजवळ असणे हे पूर्वापार चालत आलेले आहे. इंग्लंडला जे चळवळ करून मिळवावे लागले, ते येथे रीतच होती. परंतु अतिदक्षता विभाग आले तेव्हा यंत्रांसोबत बंद दारेही आली. २०१७ साली केंद्र शासनाने नवजात शिशूंच्या विभागात कुटुंबीयांना शिकवून बाळाच्या शुश्रूषेत सहभागी करून घेण्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. हात धुण्याची शिस्त आणि थोडे प्रशिक्षण दिले तर कुटुंबीय हे अडथळा न ठरता मदतनीस ठरतात, हा त्यामागील विचार आहे.

नातेवाइकांसाठी काही सूचना

१. निघताना मुलाला सांगून निघावे. झोपेत असताना किंवा लक्ष चुकवून निघून गेल्यास ते काही क्षण रडत नाही, पण नंतर डोळा मिटायलाही घाबरते.

२. घरची गोधडी, नेहमीची बाहुली, आईची ओढणी अशी ओळखीच्या वासाची एक वस्तू, डॉक्टरांच्या संमतीने, मुलाजवळ ठेवावी.

३. सोबतीला दोन-तीन ठरावीक माणसेच आळीपाळीने राहावीत. रोज नवा नातेवाईक नको.

४. सुई टोचताना 'काही होणार नाही' असे सांगू नये. 'थोडे दुखेल, मी इथेच आहे' असे सांगून हात धरावा. रडू द्यावे.

५. आई स्वतः आजारी किंवा बाळंतपणातून सावरत असेल, तर वडील किंवा आजीही बाळाला कांगारू पद्धतीने छातीशी घेऊ शकतात. परिचारिका ते शिकवितील.

६. घरी परतल्यावर मूल काही दिवस अतिशय चिकटते, रात्री दचकून उठते, अंथरूण ओले करते किंवा आईवरच रागावते. हे हट्ट नव्हेत. नाते अजून शाबूत आहे ना, याची ते खात्री करून घेत असते. त्याला जवळ घ्यावे. काही आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा मूल कोणाकडेच ओढ दाखवीत नसेल, तर डॉक्टरांशी अवश्य बोलावे.

हितचिंतकांस

देणगीची गोष्ट निघाली की यंत्रसामग्री प्रथम डोळ्यांपुढे येते आणि तिची गरज आहेच. परंतु मुलासोबत राहणाऱ्या मातेचाही हिशेब मांडला पाहिजे. तिचा रोजगार बुडतो. घरी दुसरे मूल असते. रात्री तिला फरशीवर पडावे लागते, अंघोळीला जागा नसते, जेवणाचा डबा गावाहून येईपर्यंत दुपार टळते. चार दिवसांत ती थकून घरी जाते आणि खाटेवरचे मूल 'शांत' होते. नियमाने दार उघडे असूनही आई आत राहू शकत नसेल, तर ते दार मुलापुरते बंदच राहते.

म्हणून खाटेशेजारी मागे कलणारी एक खुर्ची, मातांसाठी स्नानगृह, दोन वेळचे साधे जेवण, दूध काढून ठेवण्यासाठी आडोसा, प्रत्येक मुलासाठी शक्यतो तीच ती परिचारिका अशा गोष्टींना बालविभागाच्या अंदाजपत्रकात औषधांच्या बरोबरीने स्थान असावे. त्यांची किंमत यंत्रांच्या तुलनेत अल्प आहे. विश्वस्तांनी बालविभागाच्या पाहणीत विचारावयाच्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर घालावी, अशी विनंती आहे : काल रात्री या विभागातील किती मुलांजवळ त्यांचे आपले माणूस होते?